एका घराचा एकच अर्ज

पडद्यावरची लाल अक्षरांतली ती ओळ थोरलीने तिसऱ्यांदा वाचली.

‘या कुटुंबातून एक अर्ज आधीच दाखल झालेला आहे.’

“तुझंच काहीतरी चुकतंय,” ती लेकीला म्हणाली. “मागे जा आणि पुन्हा दाब.”

“आई, मागे गेलं की सगळं कोरं होतं. जन्मतारखेपासून परत भरायला लागतं. चार वेळा भरलंय मी.”

“मग पाचव्यांदा भर. आजचा शेवटचा दिवस आहे. सहाला बंद होणार ते.”

भिंगरी खुर्ची मागे ढकलून उठली आणि खोलीभर फिरायला लागली. एका जागी बसणं तिला लहानपणापासून जमलं नाही, म्हणून तर हे नाव चिकटलं, आणि एकोणिसावं लागलं तरी सुटलं नाही. कॉलेज पहिल्याच वर्षी सोडलं. मग दवाखान्यात चौकशीच्या खिडकीवर आठ महिने काढले. तिथेच एकदा लिफ्टमध्ये चाळीस मिनिटं अडकली. बाहेर आली तेव्हा रडत वगैरे नव्हती. दार उघडणाऱ्या माणसाच्या मागे लागली होती, की वरच्या खोलीत काय असतं, ब्रेक कुठे असतो, दोर तुटला तर काय होतं. तेव्हापासून एकच धोशा, लिफ्टची दुरुस्ती शिकायची. यंदा सरकारी कौशल्य केंद्रात नेमका तो वर्ग निघाला होता. सहा महिने, मोफत, शेवटी दाखला. पुढच्या वर्षी निघेल की नाही, हे कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं.

थोरली बावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात कारकून होती. लोकांच्या पोरांचे हजारो अर्ज तिच्या हाताखालून गेले होते आणि स्वतःच्या पोरीचा एक अर्ज तिला जुमानत नव्हता. या गोष्टीने तिचं डोकं जास्तच फिरलं होतं.

“लागला का मदतीचा नंबर?” तिने नवऱ्याला विचारलं.

थोरला कंडक्टरच्या गणवेशातच कपाटाला टेकून उभा होता. अर्धी रजा टाकून आला होता. “लागलाय. बाई म्हणते एक दाबा. एक दाबलं की म्हणते, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आणि गाणं लावते. पंचवीस मिनिटं गाणं ऐकतोय.”

“महत्त्वाचा आहे तर उचला म्हणावं.”

“कुणाला म्हणू? गाण्याला?”

खिडकीशी अण्णा पेपर उघडून बसले होते. अण्णा म्हणजे थोरल्याचे वडील. उभा जन्म छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेला, त्यामुळे छापील काही दिसलं की आधी चूक शोधायची. “‘झालेला आहे’ कशाला,” ते पुटपुटले. “‘झाला आहे’ पुरे.”

थोरलीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी पेपर वर केला.

तेवढ्यात गाणं थांबलं. थोरला एकदम ताठ झाला. “हॅलो! हो... सहा नावं. हो, एकाच पत्रकावर... म्हणजे? असं कसं?” मग बराच वेळ नुसतं हं, हं. शेवटी फोनवर हात ठेवून म्हणाला, “नियम नऊ. एका कुटुंबपत्रकावर एकच अर्ज. ती म्हणते, तुमच्या सहांतल्याच कुणीतरी भरलाय. दहा दिवसांपूर्वी.”

सहा माणसं. अण्णा, ही तिघं, आणि वरच्या मजल्यावरचा धाकटा भाऊ नि त्याची बायको. गच्चीच्या हक्कावरून झालेल्या भांडणानंतर सहा वर्षांपूर्वी स्वयंपाकघरं वेगळी झाली होती. अण्णा दुपारी खाली जेवायचे, रात्री वर. सगळ्यांच्या नावांचं सरकारी पत्रक मात्र अण्णांनी फोडू दिलं नव्हतं. थोरल्याने दोनदा विषय काढला, धाकट्याने एकदा. तिन्ही वेळा अण्णा उठून फिरायला गेले.

“आपल्यात तरुण दुसरं आहे कोण?” थोरली म्हणाली. मग तिचे डोळे बारीक झाले. “भाऊजी! त्यांच्या फोटो स्टुडिओत लोकांचे अर्ज भरून देतात ना? टाकला असेल कुठल्यातरी गिऱ्हाइकाला आपल्या पत्रकाचा नंबर.”

“तो असं नाही करणार,” थोरला म्हणाला.

“गच्चीच्या वेळी पण हेच म्हणाला होतात.”

थोरला जिन्याशी गेला आणि शेवटच्या थांब्यावर ओरडावं तसा वर बघून ओरडला.

*

धाकटा जेवून नुकताच पडला होता. भावाने सहा वर्षांत वर हाक मारली नव्हती, त्यामुळे कुणीतरी गेलं, असंच त्याला वाटलं. तो अनवाणी धावत खाली आला आणि समोर सगळे धडधाकट दिसल्यावर आधी हायसं वाटलं, मग राग आला.

“काय झालं?”

“तू सांग काय झालं,” थोरला म्हणाला. “आपल्या पत्रकावर कुणाचा अर्ज भरलास?”

“कसला अर्ज?”

“सोंग नका घेऊ, भाऊजी. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे,” थोरली म्हणाली.

“वहिनी, मी शपथेवर सांगतो. माझ्या दुकानात दिवसाला दहा जण येतात, पण दुसऱ्याचा नंबर टाकायला मी काय खुळा आहे?”

“मग अर्ज काय आकाशातून पडला?”

“मी भरलाय.”

आवाज जिन्यातून आला. धाकटी शेवटच्या पायरीच्या एक पायरी वर उभी होती. हाताला काळं लागलं होतं. शेजारणीचा मिक्सर उघडून बसली असणार. इमारतीतले निम्मे बंद पडलेले मिक्सर तिच्याकडेच यायचे.

“कुणाचा भरलास?” धाकट्याने विचारलं.

“माझा. फ्रिज-एसी दुरुस्ती. पस्तीसपर्यंत चालतं. मला चौतीस वर्षं दहा महिने झालेत.”

धाकट्याला पहिली गोष्ट जाणवली ती अशी, की सगळे आपल्याकडेच बघताहेत. बायकोने अर्ज भरला आणि नवऱ्याला पत्ता नाही. “मला न सांगता?” तो म्हणाला.

“सांगितलं होतं. तीनदा. तुम्ही हं म्हणालात.”

“मी हं कशालाही म्हणतो!”

“ते मला माहीत आहे. पण फोटो तुम्हीच काढलात. हनुवटी खाली, कान दिसू दे, म्हणालात. कशाला हवाय, ते नाही विचारलंत.”

त्याला आठवलं. त्या दिवशी रांगेत चार गिऱ्हाइकं होती. बायकोला त्याने पाचवं गिऱ्हाईक म्हणून उभं केलं होतं आणि पुढचं बोलावलं होतं.

“पण पत्रकावर नंबर माझा आहे,” थोरला म्हणाला. “परवलीचे आकडे माझ्या फोनवर येतात. ते कसे मिळाले तुला?”

“तुम्हीच वाचून दाखवलेत, दादा. जिन्यात.”

“मला वाटलं गॅसचे आहेत!” थोरल्याने कपाळाला हात लावला. फोन अजून त्याच हातात होता, पलीकडची मुलगी अजून लाइनीवर होती. “आणि शाळेच्या दाखल्याची प्रत? त्यावर शिक्का लागतो.”

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. दोन आठवड्यांपूर्वी तिने वरून पिशवीत घालून कागद दिला होता आणि थोरलीने शाळेतून त्यावर सत्यप्रतीचा शिक्का मारून आणला होता. शिक्का मारताना ती फोनवर कुणालातरी झापत होती.

थोरलीचा चेहरा लाल झाला. आपल्याच हाताने आपल्या पोरीचा रस्ता अडवला, हे तिला सोसवेना. “अगं, पण तुला कशाला हवं होतं हे?” तिचा आवाज चढला. “या पोरीचं आख्खं आयुष्य पडलंय पुढे. तुझ्यामागे ना पोर ना बाळ. तुला कुणासाठी शिकायचंय?”

थोरल्याच्या हातातल्या फोनमधून बारीक आवाज आला, “आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?”

“माझ्यासाठी,” धाकटी म्हणाली. मग पदराला हात पुसत, जणू भाजीबद्दलच बोलतेय अशा सुरात म्हणाली, “मागे घेता येतो अर्ज. घेते मी. दादा, आकडे आले की सांगा.”

*

भिंगरीला कळत होतं, आता आपण ‘नको काकू’ म्हणायला पाहिजे. जीभ वळेना. तिच्या डोळ्यांसमोर तो वर्ग होता, भिंतीवर लिफ्टचा उभा छेद काढलेला, आणि त्यात ती बसलेली होती. काकू मागे घेणार, मग लाल ओळ जाणार, मग हिरवं बटण येणार. तिला ते बटण इतकं हवं होतं की स्वतःचीच लाज वाटली, तरी ती गप्प राहिली.

“कुणी काही मागे घ्यायचं नाही,” अण्णा म्हणाले.

त्यांनी पेपरची घडी केली होती. “मला माहीत होतं,” ते म्हणाले. “धाकटीने मला विचारलं होतं, शीतयंत्रातला ‘शी’ ऱ्हस्व की दीर्घ. तेव्हाच ओळखलं. जाहिरात मी सबंध वाचली होती. नियम नऊही वाचला होता. भिंगरी लिफ्टच्या मागे आहे, तेही दिसत होतं.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत?” थोरला म्हणाला.

“बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, पत्रक फोडा.”

“मग काय चुकलं असतं?” हे धाकटा म्हणाला.

“दहा दिवस, अण्णा! दहा दिवस हातात होते,” थोरला म्हणाला.

“आणि आता चार तास,” धाकटा म्हणाला. “हा काय लपाछपीचा खेळ आहे?”

“तुम्हाला आमच्या पोरीपेक्षा कागद मोठा?”

“आणि माझ्या बायकोपेक्षा?”

दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून बापासमोर उभे होते आणि एकमेकांची वाक्यं पुरी करत होते. भिंगरीने त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. अण्णा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. ते उठले आणि दाराशी चपला शोधायला लागले.

“फिरायला निघालात?” थोरली म्हणाली. “आजसुद्धा?”

“प्रभाग कार्यालयात,” अण्णा म्हणाले. “त्या फोनवालीला विचारा, आजच्या तारखेचं वेगळं पत्रक चालेल का. आणि जुनं पत्रक घ्या. मूळ प्रत. झेरॉक्सवर ते हाकलून देतात.”

*

फोनवाली ‘चालेल’ म्हणाली. मूळ प्रत सापडायला पाऊण तास गेला. थोरली म्हणाली वर असेल, धाकटी म्हणाली खाली असेल, ती निघाली अण्णांच्या गादीखाली. कार्यालयात पोचले तेव्हा पावणेचार झाले होते. सहा नंबरच्या खिडकीने आठ नंबरला पाठवलं, आठने वरच्या मजल्यावर, आणि वरच्याने विचारलं, “सहाला विचारलंत का?” थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. “आम्ही काय प्रदक्षिणा घालायला आलोय का?” ती म्हणाली, आणि बावीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसून लोकांना जे जे करायची, त्या सगळ्याची तिला बाहेरच्या बाजूने फेड मिळाली.

सव्वाचारला सहा नंबरच्या माणसाने चष्मा लावला. “विभक्त कुटुंब. कारण?”

“दोघींना शिकायचंय,” अण्णा म्हणाले.

“तसा रकाना नाही. वाद, विवाह, स्थलांतर किंवा मृत्यू.”

“यांतलं काही नाही.”

“वाद लिहा, अण्णा,” थोरला म्हणाला. “सहा वर्षं झालाच आहे.”

“मी खोटं लिहिणार नाही.”

“खोटं कुठे आहे?” दोन्ही मुलगे एकदम म्हणाले.

खिडकीतल्या माणसाने घड्याळाकडे पाहिलं आणि स्वतःच ‘वाद’ लिहिलं. मग दोन कोरी पत्रकं पुढे सरकवली. एकात तिघं, एकात दोघं. पेन उचलून त्याने विचारलं, “आजोबा, तुमचं नाव कुठल्या पत्रकात?”

धाकटी जरा मागे उभी होती. तिला अण्णांची पाठ दिसत होती. ती पाठ एकदम म्हातारी झाल्यासारखी वाटली. सहा वर्षं हा माणूस कागद का फोडत नव्हता, ते तिला त्या क्षणी कळलं.

“दोन्हीत लिहा,” अण्णा म्हणाले.

“माणूस एक, पत्रक एक.”

“दादाकडे लिहा,” धाकटा म्हणाला. “थोरला आहे तो.”

“म्हणजे तुला नकोत?” थोरला म्हणाला.

“मी असं म्हणालो का?”

“तसंच म्हणालास. गच्चीच्या वेळी पण असंच—”

“लवकर,” माणूस म्हणाला. “साडेचारला खिडकी बंद होते.”

अण्णांनी खिडकीच्या कठड्यावर हात टेकला. “धाकट्या सुनेच्या,” ते म्हणाले. “तिच्या पत्रकात लिहा. नातं, सासरा.”

एकवीस वर्षं अण्णांचं ताट थोरलीने वाढलं होतं. तिला कुणी काही म्हणालं नव्हतं, तरी तिच्या ‘ना पोर ना बाळ’ला सगळ्यांदेखत उत्तर दिलं गेलं होतं, आणि ते तिला नीट समजलं होतं. धाकटीला वाटलं, आपल्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सासऱ्यांनी सही करायला पेन घेतलं. तिने कागद खालून धरला, हलू नये म्हणून.

*

घरी जायला वेळ नव्हता. सगळे धाकट्याच्या स्टुडिओत घुसले. भिंगरीने पाचव्यांदा जन्मतारीख भरली. फोटो मोठा निघाला, काकाने तो लहान केला. मग तो फार लहान निघाला. मग आकडे आले. थोरल्याने ते इतक्या मोठ्याने वाचले की दुकानाबाहेरचा माणूस वळून बघायला लागला. सहाला सात मिनिटं कमी असताना पडद्यावर हिरवी ओळ उमटली. भिंगरीने काकूच्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, “मी मघाशी काही बोलले नाही.”

“माहीत आहे,” काकू म्हणाली. “मीही नसते बोलले.”

बाहेर पायरीवर थोरली धाकटीसाठी थांबली होती. “मघाशी माझ्या तोंडून जे गेलं—”

“गेलं खरं, ताई,” धाकटी म्हणाली. “आत्ता नको. आत्ता मला फक्त बसायचंय कुठेतरी.”

यादी तीन आठवड्यांनी लागली. भिंगरीचं नाव पहिल्या फेरीत होतं. धाकटीचं प्रतीक्षायादीत, अकरावं. ती म्हणाली ठीक आहे, आणि वर जाऊन मिक्सर उघडून बसली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर थोरली परस्पर कौशल्य केंद्रात गेली.

“प्रतीक्षायादी किती सरकली?” तिने विचारलं.

खिडकीतल्या पोराने नंबर विचारला, तिने सांगितला. “नववा,” तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. मग चौथ्या. शुक्रवारी तो वैतागला. “बाई, रोज काय येता? सरकलं की फोन जातो.”

“कुणाचा फोन जातो? पंचवीस मिनिटं गाणं ऐकलंय आम्ही. यादी काढ.”

त्याने नाइलाजाने यादी काढली, मग हात थांबवला. “तुम्ही अर्जदार आहात?”

“नाही.”

“मग माहिती देता येत नाही. फक्त कुटुंबातल्यांना.” त्याने पडद्यावर बघितलं. “यांच्या पत्रकात तीन नावं आहेत. त्या, नवरा आणि सासरे. तुमचं नाव दिसत नाही. कोण लागता तुम्ही?”

“जाऊ.”

“त्यात जाऊ नाही, बाई.”

“कागदात नाही,” थोरली म्हणाली. तिने खांद्यावरची पर्स काढली, खिडकीसमोरच्या बाकावर ठेवली आणि तिच्याशेजारी ऐसपैस बसली. “तू विचार साहेबांना. मी आहे इथेच.”